लाइदीचा थोरला

लाइदीने थोरला मुलगा देवळातून चोरून आणला, तेव्हा तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासूने तिला बसून जेवायला बंदी घातली त्याला चार. "जिच्या पोटात काही बसत नाही, तिने स्वतः तरी कशाला बसावं?" असं म्हातारी भरल्या गल्लीत म्हणायची आणि शेजारणी बाहीआड हसायच्या. लाइदी चुलीपाशी उभी राहून, वाडगा छातीशी धरून जेवायची. नवरा शोऊशान दिवसभर धक्क्यावर पोती वाहून आलेला असायचा. तो भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. आईच्या बोलण्यात पडणं त्याला पोत्यापेक्षा जड जायचं.

मूल नसलेल्या बाईला तियानजिनमध्ये एकच वाट होती. वर्षाच्या पहिल्या महिन्यात समुद्रमातेच्या देवळात जायचं, देवीच्या पायाशी मांडलेल्या मातीच्या बाळांतलं एक निवडायचं, त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा आणि कुणाला न दिसेलसं उचलायचं. पुजारी तेवढ्यापुरता पाठमोरा होऊन वाती सारख्या करत राहतो. "चल बाळा, आईबरोबर घरी चल," एवढं पुटपुटायचं आणि घर येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. वळलं की बाळ परत देवीकडे.

लाइदीने एक गोबऱ्या गालांचं निवडलं आणि जाड बंडीखाली सरकवलं. तेच बाळ दुसऱ्या एका बाईच्या मनात भरलं होतं. तिने मागून लाइदीचा अंबाडा धरला. "टाक ते खाली! माझं आहे ते, अवदसे!" लाइदी वळली नाही. ती पुढे चालत राहिली, मागची ओढत राहिली, आणि शेवटी मूठभर केस त्या बाईच्या हातात राहिले. लाइदी डोक्यातून रक्त गळत घरी पोचली.

म्हातारीने तिच्या डोक्याकडे पाहिलंच नाही. बाहुली उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "नाक चपटं आहे. पण शोऊशानवर गेलंय. ठेव."

त्या दिवसापासून तो घरातला थोरला झाला. त्याचं नाव दाजू ठेवलं, म्हणजे मोठा खांब. झोपायच्या विटांच्या गरम ओट्यावर सगळ्यात उबदार कोपऱ्यात त्याची जागा. जेवायला बसलं की पहिला वाडगा त्याच्यापुढे. त्याची वाफ निवेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. निवल्यावर तो वाडगा म्हातारी खायची. कढईच्या कडेला थापलेली मक्याची खरपूस भाकरी, तिच्या खालच्या रश्श्यातले सगळ्यात लठ्ठ मासे, सगळं थोरल्याला; आणि थोरल्याचं उष्टं आजीला.

वर्षाने लाइदीला खरा मुलगा झाला. तो आपोआप धाकटा ठरला. त्याचं नाव अरजू, म्हणजे दुसरा खांब. यात कुणाला नवल वाटलं नाही. शहरात घरटी थोरला मातीचाच असतो. म्हणून तर रस्त्यातल्या परक्या माणसाला नुसतं 'दादा' म्हटलं की तो उखडतो, "मी काय मातीचा दिसतो?" त्याला 'दुसरेदादा' म्हणावं लागतं.

लाइदीला बसून जेवायची परवानगी मिळाली. बाकी फार काही बदललं नाही.

दरवर्षी थोरल्याला मातीकाम करणाऱ्याकडे न्यायचं. तो जुनी बाहुली फोडून चुरा करायचा, नव्या मातीत मळायचा आणि एका वर्षाने मोठा मुलगा घडवून द्यायचा. धाकटा चालायला लागला तेव्हा थोरल्याला शेंडी आली. धाकट्याचे दुधाचे दात पडत होते तेव्हा थोरला हातात पुस्तक घेऊन बसलेला होता. "बघ, थोरला कसा गप्प बसतो," म्हातारी अरजूला म्हणायची. "घळाघळा रडत नाही, चड्डी फाडत नाही. तुझ्यापेक्षा मातीला अक्कल आहे."

अरजू सात वर्षांचा असताना नदी फुटली. अर्धं शहर पाण्यात गेलं. गल्लीत सकाळी घोट्याएवढं होतं ते दुपारी कमरेला लागलं. शोऊशान कौलांवर चढून हात खाली देत होता, म्हातारीला त्याने आधीच वर घेतलं होतं. खाली लाइदी एका काखेत बाहुली आणि दुसऱ्या हाताने पोराची मानगूट धरून उभी होती.

"थोरल्याला आधी दे!" म्हातारी वरून ओरडली.

"अहो आई, पोराच्या छातीला पाणी लागलंय!"

"लागू दे. धाकटा भिजला तर वाळेल. थोरला भिजला तर विरघळेल. तो गेला तर हाही देवीने दिलेला, त्याच्या मागोमाग जाईल. घरात पोर आलं ते कुणाच्या पायगुणाने, विसरलीस?"

लाइदीने पोराची मानगूट सोडली, दोन्ही हातांनी बाहुली डोक्यावर उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग खाली पाहिलं तर अरजू नव्हता. तो चार हातांवर शेजाऱ्यांच्या दाराच्या कडीला लोंबकळत होता आणि नाकातोंडात पाणी जाऊन निळा पडला होता. तो वाचला. पण त्यानंतर त्याने आईचा हात म्हणून कधी धरला नाही. रस्ता ओलांडतानाही तो दोन पावलं लांबून चालायचा.

त्या काळी नदीकाठचा एकेक धक्का एकेका हमालांच्या टोळीचा असे. कुठल्या वळणावर कुठल्या देशाचं निशाण, कुणाचा पोलीस, याने हमालांना फरक पडत नसे. जहाजातून उतरणारं पोतं कुणाच्या पाठीवर जायचं, हे टोळ्या ठरवायच्या. शोऊशान पांढऱ्या दगडांच्या धक्क्यावरचा. तिथले म्होरके पांग मालक. पांग मालकांना हसायला फार आवडायचं, आणि ज्याला हसायचं तो समोर असला की जास्तच.

टोळीतल्या घराचा मुलगा नऊ वर्षांचा झाला की टोळीच्या मोठ्या खोलीत भिंतीवर त्याच्या नावाची लाकडी पाटी लागायची. वर्षाअखेरीला पाटीमागे एक पिशवी गव्हाचं पीठ मिळायचं. अरजूची पाटी लागली त्या वर्षी लाइदी पीठ घ्यायला गेली. रांग मोठी होती, थंडीने सगळ्यांचे कान लाल झाले होते.

"पाट्या किती, ताई?" वाटणाऱ्याने विचारलं.

"दोन," लाइदी म्हणाली.

"दोन? एक तर दिसतो. दुसरा कुठाय?"

"थोरला होय? तो घरी बसलाय. अंगाला माती फार लागलीय, चारचौघांत आणण्यासारखा नाही."

रांग हसली. खुर्चीवर शेकत बसलेले पांग मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "द्या, द्या. दोन द्या. आणि थोरल्याचीही पाटी करा. थोरला आहे, पाटीही थोर पाहिजे." सुताराने खरंच बाकीच्यांच्या दुप्पट जाडीची, लाल रंगाची पाटी केली आणि ती अरजूच्या पाटीशेजारी लागली.

मग ते दरवर्षीचंच झालं. लाइदी पीठ घ्यायला आली की लोक वाट बघायचे. "थोरला काय म्हणतो, ताई?" "मिसरूड फुटलीय, दुसरेदादा, पण आवाज काही फुटत नाही." "सून बघितली का?" "बघितली हो, पण ती भाजलेल्या मातीची निघाली, आमचा कच्चा आहे." पांग मालक मांडी बडवायचे. घरी आल्यावर लाइदी गप्प असायची. माणसांना हसवलं की ती सोडून देतात, एवढं तिला कळलं होतं आणि ते तिला पुरेसं वाटत होतं.

अरजू बारा वर्षांचा असताना शोऊशान मिठाच्या पोत्यासकट फळीवरून घसरला. पाठ मोडली. नऊ दिवस तो पालथा पडून होता. शेवटच्या दिवशी त्याने पोराला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "फळी ओली असली की टाच आधी टेक." बाकी काही त्याला सांगायचं नव्हतं. टोळीने शवपेटी दिली आणि बापाच्या जागी पोराला कामावर घेतलं.

तीन वर्षांनी म्हातारी गेली. तिचं सगळं उरकल्यावर एका संध्याकाळी लाइदीने पानं वाढली. पहिला वाडगा सवयीने थोरल्यापुढे गेला. त्यात चार डंप्लिंग होते, डुकराच्या मांसाचे, अरजूने त्या दिवशी पंचेचाळीस गासड्या वाहून मिळवलेले. वाफ निवली. अरजू पंधरा वर्षांचा होता, खांद्याचं कातडं सोलवटलेलं, आणि त्याची नजर त्या वाडग्यावर होती. लाइदीने वाडगा उचलला आणि स्वतः खाल्ला. का, ते तिला सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या तरी आधीचं मिळत होतं. अरजूने आपल्यापुढची मक्याची भाकरी संपवली आणि उठला. त्यानंतर रोज तसंच चाललं.

अरजू अठरा वर्षांचा झाला त्या वर्षी परदेशी मालकाने पांढऱ्या दगडांच्या आणि खालच्या धक्क्याच्या बरोबर मधोमध नवी वखार बांधली. तिथला माल कुणी उचलायचा? दोन्ही टोळ्या तीन दिवस पोती उचलायचे आकडे आणि बांबू घेऊन भिडल्या. एकाचा डोळा गेला, दोघांच्या बरगड्या. तोडगा निघेना, तेव्हा जुन्या रिवाजावर आलं. तेलाची कढई चढवायची, तळाशी पितळी वजन टाकायचं. ज्या टोळीचा माणूस उघड्या हाताने ते बाहेर काढेल, वखार तिची. पहिली पाळी पांढऱ्या दगडांची. हात घालणाऱ्याने ओरडायचं नाही. त्याच्या घरच्यांनीही नाही. 'आई गं' निघालं की वखार गेली. काढलं तर त्या माणसाला काम न करता जन्मभर पूर्ण वाटा.

माणूस ठरवायला भिंतीवरच्या पाट्या टोपलीत जायच्या. विधवेच्या एकुलत्या एकाला मात्र सूट होती. त्या दुपारी अरजू सूट मिळालेल्या तिघांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बायका दाराबाहेर होत्या. लाइदी उंबऱ्याला टेकून आत बघत होती.

पांग मालकांनी भिंतीवरून नजर फिरवली. "लुआनांच्या, या अरजूच्या घरच्या पाट्या किती रे?"

"दोन, मालक," भिंतीपाशी उभ्या असलेल्याने सांगितलं.

"मग तो एकुलता कसा?"

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एकजण फिसकन हसला.

लाइदी उंबरा ओलांडून आत आली. "मालक, थट्टा करू नका. एक पाटी बाहुलीची आहे. तुम्हीच लावलीत."

"बाहुली?" पांग मालकांनी भुवया चढवल्या. "ताई, नऊ वर्षं मी तुमच्याच तोंडून ऐकतोय. थोरला अंग धरतोय, थोरल्याला मिसरूड फुटलीय. मी तर त्याच्या लग्नाला यायची तयारी केली होती. मग नऊ पिशव्या पीठ काय मातीने खाल्लं?"

"थोरल्याचं पोट मोठं, मालक!" कुणीतरी ओरडलं आणि खोली खदखदली.

"मी पीठ परत देते. वर्षभर धक्का झाडते."

"छे, छे. दिलेलं परत घेऊ का मी? रिवाज साधा आहे. दोन मुलगे असले तर एक भिंतीवर राहतो, एक टोपलीत जातो. कुठला, ते तुम्ही सांगा. तुम्ही आई. मी कुणाच्या घरात लुडबूड करत नाही."

लाइदीने अरजूकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता.

"थोरल्याची घाला," ती घाईने म्हणाली.

हसण्याने छप्पर उडायचं बाकी राहिलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. ज्यांची स्वतःची पोरं टोपलीत होती तेसुद्धा. लाल पाटी टोपलीत पडली तेव्हा खणखणीत आवाज झाला. एका म्हाताऱ्या हमालाचे डोळे बांधले, त्याने हात घातला, ढवळला, एकदा थांबला, पुन्हा ढवळला आणि पाटी वर काढली. वाचायची गरजच नव्हती. लाल रंग दारापर्यंत दिसला.

"उद्या सकाळी थोरल्याला पाठवून द्या, ताई," पांग मालक म्हणाले. "अंघोळ नका घालू फक्त."

घरी जाताना शेजारची तोंग काकू तिच्या बरोबर होती. पंधरा वर्षं दोघी एकाच नळावर पाणी भरत होत्या. "केवढी जाड पाटी ती," तोंग काकू म्हणाली. "डोळे बांधले काय, न बांधले काय, हाताला कळणारच. टोपलीत मालकांच्या भाच्याची पाटी होती ना. आम्हाला ती आत पडतानाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या दोघांतला एक होता ना त्यात," तोंग काकूने साधेपणाने सांगितलं.

लाइदीला वाटलं, तरी काय बिघडलं? नाव थोरल्याचं निघालंय. थोरल्याला नेऊ, लोक हसतील, मालकांना हसायला मिळालं की ते सोडतात. तिने तसं अरजूला सांगितलंही. तो जोड्याचा तळ शिवत बसला होता. "हं," तो म्हणाला.

सकाळी तिने बाहुलीचा निळा झगा नीट केला, बारीक मिशीवरची धूळ फुंकली आणि हातभर उंचीचा तो एकोणीस वर्षांचा मुलगा कडेवर घेऊन धक्क्यावर गेली. अरजू दोन पावलं मागे होता. वखारीपुढे दोन्ही टोळ्या समोरासमोर उभ्या होत्या. बोटींच्या टपांवर, भिंतींवर माणसं चढली होती. खाऱ्या भुईमुगाच्या शेंगा विकणारेही आले होते. मधे चुलीवर कढई होती, भाता चालू होता, आणि तेलावरून धूर निघायला लागला होता.

"थोरले आले! वाट द्या थोरल्यांना!" पांग मालकांनी स्वतः पुढे होऊन तिच्या कडेवरची बाहुली घेतली. लोक हसून हसून बसले. खालच्या धक्क्याचा म्होरक्या मात्र हसला नाही. "पांग," तो म्हणाला, "तुझ्याकडची माणसं संपली का?"

"जरा धीर धर. आमच्याकडचा हा सगळ्यात गप्प माणूस. हा ओरडलाच तर वखार तुझी."

मालकांनी बाहुलीची कंबर धरली आणि तिचा हात तेलात बुडवला. माती कच्ची होती. तडतड उडाली, तेलाचे थेंब उसळले, पुढचे लोक मागे सरले. हात खांद्यापासून तुटला आणि तळाशी गेला. मालकांनी उरलेली बाहुली लाइदीच्या हातात परत दिली. ती अजून गरम होती.

"झालं?" खालच्या म्होरक्याने विचारलं. "वजन तळाशीच आहे. पाळी आमची."

"घाई कशाची? रिवाज तुलाही ठाऊक आहे. थोरला पडला तर घरचा धाकटा उभा राहतो." पांग मालक वळले. आता ते हसत नव्हते आणि मग कुणीच हसत नव्हतं. "काय रे अरजू? भावाचं राहिलेलं काम कोण करणार?"

लाइदी पुढे झेपावली. तोंग काकूने तिला कमरेला धरलं, आणखी दोघींनी हात धरले. तिच्या तोंडातून पहिला आवाज निघायच्या आत तोंग काकूने डोक्याचा फडका सोडून तिच्या तोंडात कोंबला. "गप," ती कानात म्हणाली, "तू ओरडलीस तर पोराचा हातही जाईल आणि वखारही. गिळ."

अरजू जवळून गेला तेव्हा थांबला. त्याने सावकाश उजवी बाही दुमडली. "तू थोरल्याला आधी वाढलंस," तो म्हणाला. "राहिलेलं नेहमी माझंच असतं. त्यात काय एवढं?"

त्याने हात कोपरापर्यंत घातला. वजन निसटलं. त्याने पुन्हा चाचपलं. लाइदीला त्याच्या पाठीचा ताठ कणा दिसत होता आणि टाच आधी टेकलेले पाय. मग वजन फरशीवर पडल्याचा आवाज आला. अरजू गर्दीकडे वळला. हात त्याने अंगापासून लांब धरला होता, त्याकडे कुणाला बघवत नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता, पण तियानजिनचं तोंड ते. "मालक," तो म्हणाला, "तेल अजून तापलं नाही. यात पिळाच्या करंज्या तळल्या तर मधे कच्च्या राहतील."

नदी हादरेल असा आरडाओरडा झाला. खालच्या धक्क्याच्या म्होरक्यानेही हात जोडले. अरजूला खांद्यावर घेऊन मिरवत नेलं, आणि लाइदीच्या तोंडातला फडका काढायचं कुणाला सुचलं नाही. तो तिने स्वतः काढला.

हात कोपराच्या वर कापावा लागला. दोन महिने अरजू पांग मालकांच्या घरी पडून होता. त्याला वेदनेवर अफू दिली, ती पुढे सुटली नाही. बरा झाल्यावर तो धक्क्यावर आला तो काम करायला नाही, बघायला. वाकलेल्या हमालाला त्याच्या डाव्या हातातली छडी बसायची. "ओरडलास?" तो विचारायचा. "मी ओरडलो होतो का?" आणखी एक बसायची. लोक हसायचे, कारण मालक हसायचे. घरी तो परत आला नाही. नदीपलीकडे एका बाईकडे राहायचा.

लाइदी त्याला भेटायला एकदा चहाच्या दुकानात गेली. पाच-सहा जण त्याच्याभोवती बसून त्याचे किस्से ऐकत होते. ती टेबलापाशी उभी राहिली. अरजूने तिच्याकडे पाहिलं, रस्त्यातल्या कुठल्याही बाईकडे पाहावं तसं.

"काय हवंय, ताई?"

"अरजू, मी..."

"ताईंना चहा द्या रे," त्याने पोऱ्याला नव्हे, सगळ्या दुकानालाच सांगितलं. "दमलेल्या दिसतात. कुणाची तरी आई असणार."

चहा आला. लाइदीने तो उभ्यानेच प्यायला, पेला ठेवला आणि निघाली. मागे कुणीतरी विचारलं, "कोण होती?" अरजूने काय उत्तर दिलं ते तिला कळलं नाही, त्यानंतर आलेलं हसणं मात्र ऐकू आलं.

तो बत्तिसाव्या वर्षी मेला, अफूने की जखम आतून सडल्याने, दोन्ही सांगणारे होते. वाटा मुलाकडे जातो आणि त्याला मुलगा नव्हता, म्हणून तो टोळीकडे परत गेला. पुढच्याच महिन्यात तो मालकांच्या भाच्याला मिळाला. लाइदी तेव्हा फाटकी पोती शिवायच्या कामावर होती. धक्क्याच्या टोकाला गोणपाटाच्या ढिगावर बसून दाभण-सुतळी चालवायची. हातभर राहिलेली ती एकहाती बाहुली तिने मातीकाम करणाऱ्याकडे पुन्हा कधी नेली नाही. एका पावसाळ्यात कौल गळलं आणि तिची माती झाली, ती तिने केरात झाडून टाकली.

पुढे एका वसंतात, लांबून आलेला एक नावाडी माल उतरेपर्यंत हमालांना गोष्ट सांगत बसला होता. गोष्ट अरजूची होती. आता ती सगळ्या नदीभर झाली होती.

"तिळाचं तेल असं उकळत होतं," नावाडी हात फिरवत म्हणाला, "आणि ती आई काय म्हणाली माहितीय? म्हणाली, धाकट्याला घ्या, पण माझ्या मातीच्या पोराला हात लावू नका!"

हमाल हसले.

"तेल शेंगदाण्याचं होतं," लाइदी मान वर न करता म्हणाली.

नावाडी वळला. "तू होतीस तिथे, ताई?"

"होते. अख्खी नदी होती."

"मग आई तसं म्हणाली ना?"

लाइदीने दाभण पोत्यातून ओढून घेतलं. "मला ऐकू आलं नाही, दुसरेदादा. लोक फार हसत होते. पाय उचला, गोणपाटावर उभे आहात."

नावाड्याने पाय उचलले, बाजूला झाला आणि पुढे सांगायला लागला. तेल त्याने तिळाचंच ठेवलं.

लाइदी त्यानंतर दोन हिवाळे जगली. टोळीत बायकांना पेटी देण्याचा रिवाज नव्हता, पण पांग मालक तेव्हाही होते, थकलेले आणि हसरे, आणि त्यांनी पेटी दिली. म्हातारी आखडून एवढीशी झाली होती, म्हणून लहान मापाची चालली. लाकूड किती वाचलं ते त्यांनी त्या दिवशी चहाच्या दुकानात हाताने मापून दाखवलं, आणि दुकान हसलं.